अंगावर काटा आला, पुढे काय?

मराठी रसिकाइतका गाण्याबद्दल अखंड बोलणारा आणि एवढं बोलून काहीच न सांगणारा माणूस मला दुसरीकडे कुठे भेटलेला नाही. भीमसेनांची एखादी तोडी, किशोरीताईंचा भूप, कुमारांचं एखादं निर्गुणी भजन तो मोठ्या प्रेमाने तुमच्यापुढे ठेवतो. ‘ऐकाच. अंगावर काटा येतो.’ तुम्ही बसून ऐकता. मग विचारता, काटा नेमका कुठे आला? विलंबितात की द्रुतात? अस्ताई भरताना, की अंतऱ्याचा षड्ज लागला तेव्हा? समेवर आला, की समेला हुलकावणी देऊन गायक पुढे निघून गेला तिथे? समोरचा गोंधळतो, थोडा दुखावतो आणि म्हणतो, ‘अहो, ते शब्दांत सांगता येत नाही.’ आणि लगेच एक किस्सा सुरू करतो.

शब्दांत सांगता येत नाही, हे मला मान्य नाही. मींड, कण, खटका, लगाव, आस, बढत, बेहेलावा, मुखडा हे सगळे शब्द ज्या भाषेत घराघरांत बोलले गेले, त्या भाषेतला माणूस असं म्हणतो तेव्हा तो शब्दांची मर्यादा सांगत नसतो. आपण नीट ऐकलं नाही, हे तो लपवत असतो. गाणं त्याच्या अंगावरून वाहून गेलेलं असतं. गायकाचं नाव, त्या नावाभोवतीचा दबदबा आणि आपण ते ऐकतो याचा अभिमान, एवढंच त्याच्या हाती राहिलेलं असतं. तेच तो आपल्याला वाटायला निघतो.

आवडतं गाणं दुसऱ्याला ऐकवणं आणि त्यावर वाद घालणं या दोन्ही गोष्टी मला जिवापाड प्रिय आहेत. म्हणूनच आज त्यांची जी दशा झाली आहे ती पाहून मला संताप येतो. ऐकवणं म्हणजे तुकडे फेकणं झालं आहे, आणि वाद म्हणजे टोळ्यांची हाणामारी.

आधी तुकड्यांबद्दल. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानने तबकडीसाठी गायलं, तेव्हा 10 इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. तासभर चालणारा खयाल तीन मिनिटांत बसवणं हा जुलूमच होता. पण त्या तीन मिनिटांत काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे गाणारा स्वतः ठरवत होता. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐका. तीन मिनिटांचं ते पूर्ण गाणं आहे. त्याला सुरुवात आहे, चढ आहे, उतार आहे आणि शेवट आहे. आज आपण उलटं करतो. गायक पाऊण तास गायलेला असतो आणि कुणीतरी त्यातली अर्ध्या मिनिटाची तान कापून काढतो. ती तान पाऊण तासाने का आली, आधीच्या बढतीत कोणता स्वर गायकाने मुद्दाम राखून ठेवला होता, कोणत्या आवर्तनात लय किंचित वर सरकली होती, यांतलं काहीही त्या तुकड्यात नसतं. उरतो तो घशाचा पराक्रम. खयालातली तान ही बढतीची परिणती असते. बढत कापून तान ऐकवणारा माणूस संगीताचा प्रसार करत नाही, तो लोकांच्या कानांची सवय बिघडवतो. मग हेच लोक मैफलीला येतात आणि विलंबिताच्या दुसऱ्या आवर्तनाला घड्याळ बघतात.

झिंझोटीच्या त्या ठुमरीचा विषय निघालाच आहे, तर तिचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. गदगमधल्या एका दुकानात ती तबकडी वाजत होती, लहानग्या भीमसेनाने ती ऐकली आणि 1933 साली तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. सभासंमेलनांत, गौरव-अंकांत, श्रद्धांजलीच्या भाषणांत हा किस्सा मी सतत ऐकत आलो आहे. त्या मुलाने त्या तबकडीत ऐकलं तरी काय, असं विचारणारा वक्ता मात्र मला अजून भेटायचा आहे. एका पोराने घर सोडावं असं त्या आवाजात काय होतं? तो आवाज बारीक आहे, किंचित नाकातला आहे, त्यात दमदारपणाचा दिखावा अजिबात नाही. एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधली वाट कुठेही तुटत नाही. आणि झिंझोटीसारखा खालच्या अंगाने रमणारा राग खाँसाहेबांनी असा आर्जवी केला आहे की शब्द नीट कळले नाहीत तरी मागणं कळतं. भीमसेनांनी पुढे जो आवाज कमावला तो याच्या अगदी उलट, बुलंद आणि भरदार. मग त्यांनी खाँसाहेबांकडून घेतलं काय? स्वर लावायची तळमळ घेतली आणि आवाजाची जात सोडून दिली, असं माझं मत आहे. यावर कुणी माझ्याशी भांडावं. पण भांडायला तबकडी ऐकावी लागते, आणि किस्सा सांगायला ऐकावी लागत नाही. आपली खरी अडचण ही आहे.

केसरबाईंचंही तेच केलं आपण. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्यांतलं व्हॉयेजर-1 हे यान 5 सप्टेंबरला निघालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ही गोष्ट अभिमानाची आहेच. पण वर्षातून दोनदा छाती फुगवून ती सांगणाऱ्यांना विचारा, ती साडेतीन मिनिटं तुम्ही ऐकली आहेत का? भैरवी म्हटल्यावर आपल्याला लाडिक, विनवणीची ठुमरी अपेक्षित असते. केसरबाई विनवत नाहीत. खुला, जाड, भरीव आकार लावून त्या गातात आणि ताना खयालाच्या ताकदीच्या घेतात. ही भैरवी आहे की जयपूरच्या खयालाने भैरवीचे कपडे घातले आहेत, यावर तासभर वाद होऊ शकतो. मला स्वतःला हे गाणं भैरवी म्हणून थोडं कोरडं वाटतं आणि आवाजाची फेक म्हणून थरारक वाटतं. असं म्हटलं की लोक कानांवर हात ठेवतात. अंतराळात गेलेल्या गाण्याला कोरडं म्हणायचं? हो, म्हणायचं. ते मानवजातीचा नमुना म्हणून पाठवलेलं असलं, तरी आपल्यासाठी ते गाणंच आहे आणि गाणं म्हणूनच ते ऐकलं जायला हवं.

बायकांच्या गाण्याबाबत तर ही किस्सेबाजी निव्वळ अन्याय करते. केसरबाईंचा दरारा, मोगूबाईंचा करडेपणा, किशोरीताईंचा संताप. कोण कुठल्या मैफलीतून उठून गेलं, कुणी कुठल्या आयोजकाला काय सुनावलं. पुरुष गवयाने हेच केलं की तो कलंदर, मनस्वी. बाईने केलं की ती तऱ्हेवाईक. किशोरीताईंनी रागाच्या भावाचा आयुष्यभर विचार केला, ‘स्वरार्थरमणी’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या संतापाचे किस्से सांगणाऱ्या किती जणांनी ते उघडून पाहिलं आहे? आणि त्यांच्या गाण्यावरचा खरा वाद फार मोलाचा आहे. जयपूर-अत्रौलीत आलाप तालाच्या अंगाने चालतो. आवर्तन भरत जायचं, स्वर आणि लय एकमेकांत विणत जायचं, ही अल्लादिया खाँसाहेबांची शिस्त. मोगूबाईंचं गाणं या शिस्तीत घट्ट बांधलेलं आहे. त्यांच्या लेकीने, किशोरीताईंनी, ती वीण सैल केली. स्वराजवळ थांबायला त्यांनी जागा काढली, आलाप लांबवला, तालाला मागे ठेवलं. जयपूरच्या जुन्या जाणकारांना हे रुचलं नाही आणि त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. किशोरीताईंचा भूप ऐकताना गंधाराचं जे रूप दिसतं ते इतर कुणाच्या भुपात मला दिसलेलं नाही. पण त्याच भुपात आवर्तनाचा ताण, सम जवळ येत असल्याची ती ओढ, कमी होते. हा सौदा होता. त्यांनी तो समजून-उमजून केला. मी त्यांच्या बाजूचा आहे, कारण त्या गंधारासाठी मी तो ताण सोडायला तयार आहे. कुणी तयार नसेल, तर त्याच्याशी बोलायला मला आवडेल. त्यांच्या रागीटपणाची गोष्ट घेऊन येणाऱ्याशी बोलायला माझ्याकडे वेळ नाही.

सगळेच किस्से टाकाऊ नसतात, हेही सांगायला हवं. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी आमलेट्याच्या दरबारात अति गाऊन बसला आणि मग त्या जड झालेल्या आवाजाला झेपेल अशी, पेचदार तानांची आणि लयीच्या विणीची गायकी त्यांनी घडवली. ही गोष्ट कान उघडते. ती ऐकल्यावर याच गायकीत शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सुरांची एखादी तान वेगळी ऐकू येते, तिचं वळण असं का आहे याचा अंदाज येतो. जो किस्सा सांगून झाल्यावर गाणं अधिक ऐकू येतं तो ठेवावा. बाकीचे केरात टाकावेत.

पण शरीराच्या मर्यादेतून शैली समजावणारा असाच एक किस्सा आपण कुमार गंधर्वांच्या गळ्यात बांधला आहे, आणि त्याने त्यांच्या गाण्याचं फार मोठं नुकसान केलं आहे. 1947 च्या सुमारास त्यांना क्षय झाला, 1948 साली ते देवासला गेले, काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं. हे सगळं खरं. पण पुढे जोडलं जातं ते असं: दम पुरत नव्हता, म्हणून कुमार तुटक, छोट्या छोट्या स्वरवाक्यांत गात. किती सोयीचं स्पष्टीकरण! एका कलावंताने आयुष्यभर केलेला विचार डॉक्टरच्या चिठ्ठीवर उतरवून टाकायचा आणि मोकळं व्हायचं. मुळात ज्या निर्गुणी भजनांसाठी लोक त्यांच्यावर जीव टाकतात, तीच ऐका. तार सप्तकात एक स्वर ते सरळ, न हलवता, सहज धरून ठेवतात. दम नसलेल्या माणसाला हे जमत नाही. म्हणजे लांब गाता येत असताना ते आखूड गात होते. का? कारण दोन स्वरवाक्यांच्या मधली शांतता त्यांना हवी होती. लहानपणी हाच मुलगा मोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचा आणि लोक थक्क व्हायचे. लांब, भरगच्च, अखंड गाणं त्याच्या गळ्यात तेव्हापासून होतं. ते त्यांनी विचारपूर्वक टाकलं. माळव्यातली लोकगीतं ऐकली, तिथल्या धुनांतून राग उचलले आणि हे सगळं 1965 साली ‘अनूपरागविलास’मध्ये छापून जाणकारांपुढे मांडलं. एवढा खटाटोप करणाऱ्याची शैली फुफ्फुसाने ठरवली, असं म्हणणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

कुमारांचं गाणं न आवडणारे लोक मला चालतात. कुणी म्हणालं की त्यांचं विलंबित मला विस्कळीत वाटतं, ग्वाल्हेरच्या अस्ताई-अंतऱ्यात जो ऐसपैसपणा असतो तो इथे मोडतो, तर मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसेन. त्याच्या म्हणण्यात दम आहे. ‘कुमार म्हणजे साक्षात कबीर’ असं डोळे मिटून म्हणणाऱ्यापेक्षा हा माणूस कुमारांच्या गाण्याच्या कितीतरी जवळ आहे.

आता टोळ्यांबद्दल. पुण्यात भीमसेनवाले आणि कुमारवाले अशा दोन फळ्या वर्षानुवर्षं नांदल्या. 1953 पासून चाललेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवातही, पुढे कुणी गात असताना मागे या फळ्यांची कुजबुज चालू असायची. त्या वादाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. दोन थोर माणसांच्या नावाने एकमेकांना चिडवण्यापलीकडे त्यात क्वचितच काही असतं.

घराण्यांचा वाद मात्र खोलात जाऊन मोडायला हवा. ‘हे शुद्ध किराणा नाही’, ‘यात आग्रा आला’ असं नाक मुरडून बोलणारे लोक भास्करबुवा बखल्यांचं नाव घेताना हात जोडतात. हेच भास्करबुवा ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्ऱ्याचे नत्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले, आणि 1911 साली पुण्यात भारत गायन समाज उभा करून गेले. महाराष्ट्रातल्या या सर्वांत मान्य गवयाला शुद्धतेच्या या तराजूत कुठे ठेवणार? मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेच्या नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरचं शिकले आणि मग मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडे जयपूरचं. त्यांच्या गाण्यातून ग्वाल्हेर गाळून दाखवा बघू. वामनराव देशपांडे पेशाने हिशेबनीस, पण गाणं शिकलेले. 1961 साली त्यांनी ‘घरंदाज गायकी’ लिहिली आणि स्वर व लय अशी दोन टोकं धरून घराणी मांडली: किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर मध्यावर. या मांडणीशी भांडता येतं. मी भांडतो, मध्यावरचं ते मानाचं आसन जयपूरला देण्यात वामनरावांची आवड आधी ठरली आणि सिद्धांत मागून आला, असं मला वाटतं. पण ती मांडणी होती. तिला कान होते. आजच्या घराणेवाल्यांकडे कान नाहीत, फक्त आडनावं आहेत.

वाद घालणं म्हणजे अनादर, ही समजूत कुठून आली कोण जाणे. भातखंडे वकील होते. देशभर फिरून त्यांनी उस्तादांना प्रश्न विचारले, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारले, रुसवे सहन केले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे त्यांचे मराठी ग्रंथ चक्क प्रश्नोत्तरांच्या रूपात आहेत, शिष्य शंका काढतो आणि गुरू ती उडवून न लावता उत्तर देतो. 1916 साली बडोद्याला त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, ती रागांवर आणि श्रुतींवर समोरासमोर बोलणं व्हावं म्हणूनच. त्यांचे दहा थाट अनेकांनी नाकारले, आजही नाकारतात. हा आपला वारसा आहे, आणि तो याच भाषेत लिहिलेला आहे. आपण तो सोडला आणि आरत्या ओवाळत बसलो.

मग वाद घालायचा कसा, असं विचाराल तर एक राग घेऊ. मारवा.

स्वर सगळ्यांना माहीत आहेत. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकी शुद्ध, पंचम वर्ज्य. हेच स्वर पुरियाचे आणि हेच सोहनीचे. पुरिया गंधार-निषादावर उभा राहतो, सोहनी वरच्या अंगाने चमकते, आणि मारवा कोमल रिषभ व शुद्ध धैवतावर ठाण मांडतो. हे दोन स्वर एकमेकांचे संवादी म्हणून सांगितले जातात, पण त्यांच्यात षड्ज-पंचमाचं किंवा षड्ज-मध्यमाचं अंतर नाही. वादी-संवादीचा आपला नियम या रागापुढे हात टेकतो. त्यात भर म्हणजे षड्ज टाळायचा. निषादावरून थेट रिषभावर, रिषभावरून मागे फिरून धैवतावर. सूर्य मावळतोय आणि घर सापडत नाही, अशी ती अवस्था. मारवा गाणाऱ्यापुढे प्रश्न एकच असतो: षड्जाचं काय करायचं? किती वेळ त्याला लांब ठेवायचं आणि जेव्हा द्यायचा तेव्हा कसा द्यायचा?

अमीर खाँसाहेबांच्या मारव्याची लाँग प्ले ऐका. झूमऱ्याचा 14 मात्रांचा अतिविलंबित ठेका, आवाज खर्जाकडे झुकलेला, घाई कसलीच नाही. रिषभावर ते इतके शांतपणे थांबतात की तोच आधाराचा स्वर वाटायला लागतो. बेघरपणाची सवय झालेल्या माणसाचा हा मारवा आहे. षड्ज आला तरी ते त्याच्यावर विसावत नाहीत, त्याला नुसता स्पर्श करून निघतात. एकाच स्वरसमूहाची उलटापालट करत, मेरुखंडाच्या अंगाने, ते तेच दार पुन्हा पुन्हा तपासतात.

आता वसंतराव देशपांड्यांचा मारवा घ्या. लाहोरला असद अली खाँकडे काही महिने आपण फक्त मारवा शिकलो, असं वसंतराव सांगत. हाही कान उघडणारा किस्सा आहे, कारण त्यांच्या मारव्यात एका रागाचा इतका काळ केलेला पाठलाग ऐकू येतो. ते शांत राहत नाहीत. तिरक्या उड्या घेतात, धैवतावरून रिषभावर असे कोसळतात की ते विसंवादी अंतर अंगावर येतं. लय अंगात मुरलेला हा माणूस समेकडे अनपेक्षित बाजूने येतो. षड्ज ते हिसकावून घेतात आणि लगेच सोडून देतात.

दोन्ही मारवे थोर, असं म्हणून उठून जाता येईल. आपल्याकडचे बहुतेक संवाद तिथेच संपतात, आणि हेच मला मंजूर नाही. माझं मत स्पष्ट आहे: वसंतरावांचा मारवा रागाच्या स्वभावाला अधिक खरा आहे. मारव्यात जी तगमग आहे ती अमीर खाँसाहेबांनी ध्यानात बदलली. ते ध्यान अपूर्व आहे, पण हळूहळू त्या रिषभाचा काटा बोथट होतो. जो स्वर टोचायला हवा तो निवारा देऊ लागतो. शिवाय खाँसाहेब अंतरा बऱ्याचदा गाळत, अस्ताईवरच सगळी इमारत उभी करत. मारव्यासारख्या रागात तार षड्जाकडे जाणारा अंतरा हा कसोटीचा क्षण असतो. तो टाळला की रागातला सर्वांत अवघड प्रश्न अनुत्तरित राहतो.

अमीर खाँचे चाहते यावर चवताळतील, आणि चवताळावं. त्यांच्याकडे भक्कम उत्तर आहे: बेचैनी आरडाओरडा करूनच दाखवावी लागते असं कुणी सांगितलं, आणि वसंतरावांच्या मारव्यात राग दिसतो तितकेच वसंतरावही दिसत राहतात, त्याचं काय? हा मुद्दा मला अडवतो. अशा वेळी दोन्ही मारवे पुन्हा लावावे लागतात, एका बैठकीत, एकामागून एक. अर्ध्या मिनिटाचा तुकडा त्यासाठी उपयोगी पडत नाही, कुणाचं मोठं नाव पडत नाही, आणि ‘काटा आला’ हे वाक्य तर अजिबातच पडत नाही.

‘आता तसं गाणं राहिलं नाही’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की आज जे तिशीत-चाळिशीत गात आहेत त्यांच्या मैफलीला तिकीट काढून या, मग बोला. घरी बसून मेलेल्यांची पूजा करणं फार स्वस्त असतं. जिवंत गवई चुकतो, त्याचा सूर एखाद्या दिवशी लागत नाही, त्याला ऐकायला संध्याकाळ मोडावी लागते. ध्वनिमुद्रिकेतला गवई रोज तितकाच चांगला गातो, कारण त्याचे वाईट दिवस कुणी साठवून ठेवलेले नाहीत.

आणि जे साठवलं आहे ते तरी कसं? एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण हातात येतं, त्यावर गायकाचं नाव ठळक असतं. राग चुकीचा, देसकाराला भूप म्हटलेलं असतं, कारण पाच स्वर तेच आणि धैवताचं राज्य ओळखण्याइतका कान लिहिणाऱ्याला नसतो. गाव नाही, साल नाही. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तंबोऱ्यावर बसून मधूनच ज्याने सुरेल साथ दिली तो शिष्य कोण, काहीच नाही. तास-दीड तास झूमऱ्याचा ठेका एका वजनाने धरून ठेवणारा तबलजी म्हणजे ज्या जमिनीवर सगळा खयाल उभा आहे ती जमीन. त्याचं नाव पुसून टाकून आपण गायकावर प्रेम करतो म्हणायचं! गाण्याचं एवढं वेड असलेल्या समाजाला ही बेपर्वाई शोभत नाही.

सर्वांत जास्त राग मला आहे तो मात्र संग्राहकांवर. पुण्या-मुंबईत, कोल्हापूर-सांगलीत, बेळगाव-धारवाडकडे, गोव्यात, कित्येक घरांच्या कपाटांत खासगी बैठकींच्या स्पूल टेपा पडून आहेत. त्या ज्यांनी केल्या त्यांचे उपकार आहेत. जड यंत्र उचलून रात्र रात्र ते बसले. पण त्यांच्या माघारी, आणि अनेकदा त्यांच्या हयातीतच, या टेपा मिरवायच्या वस्तू झाल्या. ‘माझ्याकडे बुवांचा असा एक खट आहे की कुणाकडे नाही.’ ऐकवा म्हटलं की हसतात. मी अशा एका घरी तीनदा खेटे घातले. दर वेळी चहा मिळाला, किस्से मिळाले, टेप वाजली नाही. पुढे ते गृहस्थ गेले, आणि मुलांनी कपाट उघडलं तेव्हा पट्टीला बुरशी लागून थर एकमेकांना चिकटले होते. एका गवयाची एक रात्र कायमची गेली, केवळ ती आपल्या एकट्याची राहावी म्हणून. भास्करबुवांचं आणि अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं आपल्याकडे नाही म्हणून आपण हळहळतो. आणि जे आहे, ते आपल्याच कपाटात कुजवतो.

ज्यांच्याकडे अशा टेपा असतील त्यांनी यंदाचा पावसाळा येण्याआधी त्या बाहेर काढाव्यात. जाणत्या माणसाकडून डिजिटल प्रत करून घ्यावी. डबीवर गाव, तारीख, राग, ताल, साथीला कोण होतं, हे आठवणारी माणसं जिवंत आहेत तोवर त्यांना विचारून लिहावं. एक प्रत गाणं शिकणाऱ्या मुलांना ऐकता येईल अशा ठिकाणी द्यावी. आणि ती ऐकून एखादी पोर म्हणाली, की बुवांचा मध्यम इथे चढा लागलाय, तर तिला गप्प करू नये. टेप मागे घ्यावी आणि तीच जागा पुन्हा लावावी.